फुलं भरघोस, फळ एकही नाही: पेपिनोच्या तीन रोपांचं प्रकरण

पार्श्वभूमी

ही बाग माझ्या शाळेतल्या बाईंची. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत, म्हणून त्यांना इथे नुसतं 'बाई' म्हणते. बाई गणित शिकवायच्या. निवृत्तीनंतर त्यांनी बाग हातात घेतली आणि तीही गणितासारखीच चालवली: रेघा आखलेली वही, तारीख, रोपाचं नाव, किती फुलं उमलली, किती गळली. ती वही नसती तर हे प्रकरण इतक्या तपशिलात लिहिता आलं नसतं.

बाईंना एका परिचितांकडून पेपिनोची मुळं फुटलेली तीन छाट कलमं मिळाली. तिन्ही एकाच झाडाच्या फांद्यांची. या मुद्द्याकडे आम्हा दोघींचंही बराच काळ लक्ष गेलं नाही आणि पुढे सगळं त्यावरच ठरलं.

पेपिनो मूळचं दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतरांगांमधलं. स्पॅनिश लोक तिथे पोचण्याच्या कितीतरी आधीपासून तिथले लोक ते लावत होते. पेरू देशाच्या किनाऱ्यावरच्या प्राचीन मोचे संस्कृतीच्या मातीच्या भांड्यांवर या फळाचे आकार सापडतात. स्पॅनिश लोकांना ते काकडीसारखं वाटलं, म्हणून त्यांनी त्याला 'पेपिनो दुल्से', म्हणजे गोड काकडी, म्हटलं. पुढे इंग्रजीत त्याला मेलन चिकटलं आणि आपल्याकडे येईपर्यंत ते 'पेपिनो खरबूज' झालं. खरं तर काकडी-खरबुजाशी त्याचं काही नातं नाही. शास्त्रीय नाव सोलॅनम म्युरिकॅटम. म्हणजे ते वांगी, बटाटा आणि टोमॅटोच्या घरातलं. ते वेल नाही, साधारण मीटरभर उंचीचं झुडूप आहे. खोड पुढे लाकडासारखं होतं आणि फळांच्या वजनाने फांद्या जमिनीवर लोळतात.

बाईंनी मात्र 'खरबूज' हा शब्द ऐकला आणि खरबुजाची सगळी रीत लावली. पहिलं रोप वाफ्यात, टोमॅटोंच्या शेजारी, नेहमीच्या दुप्पट शेणखत घालून. दुसरं मोठ्या कुंडीत, पश्चिमेच्या भिंतीला टेकून, कारण खरबुजाला ऊब लागते. तिसऱ्याला जागाच उरली नाही. ते एका लहान कुंडीत घालून पूर्वेच्या खिडकीखाली ठेवलं. वहीत त्याच्यापुढे एवढंच लिहिलं होतं: 'जास्तीचं'.

अडचण

लागवडीनंतर सुमारे दोन महिन्यांनी फुलं सुरू झाली. पांढऱ्या पाकळ्या, त्यांवर जांभळ्या रेघा, घोसांनी लगडलेली. बटाट्याचं फूल पाहिलेल्याला ती लगेच ओळखीची वाटतात. आणि मग ती गळायला लागली. देठाला एक सांधा असतो, तो पिवळा पडायचा आणि फूल तिथून सुटून खाली यायचं.

बाईंना पहिले २५ दिवस काळजीच वाटली नाही, आणि मला या प्रकरणातली ही सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते. खरबुजाच्या वेलावर आधी नर फुलं येतात आणि ती गळतातच, त्यात काही बिघडलेलं नसतं. त्या हिशेबाने बाई मादी फुलांची वाट पाहत होत्या. पेपिनोच्या फुलात दोन्ही एकाच जागी असतात, वांग्यासारखे. मादी फूल वेगळं येणारच नव्हतं.

लागवडीपासून ८५व्या दिवशी त्यांचा फोन आला. "अगं, भिंतीजवळच्या झाडावर आजवर चौसष्ट फुलं उमलली आणि चौसष्टच्या चौसष्ट गळली. यात काहीतरी पद्धत आहे." वाफ्यातल्या झाडाची शंभरच्या पुढे गेली होती. तिथेही फळ शून्य. 'जास्तीचं' रोप मोजणीत नव्हतंच.

फोन करण्याआधी त्यांनी दोन गोष्टी करून पाहिल्या होत्या. एक, फुलांसाठी म्हणून मिळणारं विद्राव्य खत दिलं. दोन, चित्रकलेचा बारीक ब्रश एका फुलातून दुसऱ्या फुलात फिरवला, भोपळ्या-खरबुजाला करतात तसा. उपयोग कशाचाच झाला नाही.

माझी चूक

मी गेले आणि तिथे शहाण्यासारखं वागले नाही. वाफ्यातलं झाड हिरवंगार, पानं तळहाताहून मोठी, बगलफुटव्यांची दाटी. नत्र जास्त झालंय हे दिसत होतं. मी सांगितलं, "बाई, नत्र बंद, पालाश वाढवा." मग त्याच दुपारी छाटणीही केली, भिंतीजवळच्या कुंडीचं पाणी वाढवलं आणि तिच्यावर सावलीचं कापडही बांधलं. एका दिवसात चार बदल. बाईंनी वहीत चारही लिहून घेतले आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "उद्या फळ धरलं तर श्रेय कुणाला देऊ?"

शाळेत असताना याच प्रश्नावर माझे दोन गुण गेले असते. तीन आठवडे काहीच झालं नाही. त्या चारांतलं काय चुकलं आणि काय अपुरं पडलं, हे सांगता येण्याची शक्यताही मी घालवून बसले होते.

कलाटणी

१०७व्या दिवशी बाई खिडकीखालची फरशी धुवायला म्हणून 'जास्तीची' कुंडी उचलायला गेल्या. पानांच्या आड दोन फळं होती, लिंबाएवढी. आणखी एका फुलाचा देठ जाड झाला होता आणि मागचा हिरवा निदल (फुलाखालचा हिरवा पेला) फुगलेला होता. फळ धरल्याची पहिली खूण ही. गळणाऱ्या फुलाचा देठ बारीक आणि पिवळा होतो, धरलेल्याचा जाड आणि हिरवा.

बाईंचा पुढचा प्रश्न मला सुचायला हवा होता. "तिन्ही एकाच झाडाची ना? मग जात वेगळी नाही. फरक जागेतच असणार."

पेपिनो बीपासून लावलं तर प्रत्येक रोप वेगळं निघतं, म्हणूनच चांगली झाडं कलमानेच वाढवतात. इथे तिन्ही रोपं हुबेहूब एक असल्यामुळे, आम्ही न ठरवताच बाईंच्या अंगणात एक प्रयोग मांडला गेला होता आणि त्याचं उत्तर तीन आठवडे खिडकीखाली पडून होतं.

आता फरक शोधायचे होते. सर्वोच्च आणि नीचतम दोन्ही तापमान टिपणारे दोन तापमापक आणून एक भिंतीजवळ आणि एक खिडकीखाली टांगला. चारही दिवशी जवळजवळ हेच आकडे आले: भिंतीजवळ दिवसा ३७ अंश, रात्री २७, खिडकीखाली दिवसा ३१, रात्री २१. भिंत दिवसभर तापायची आणि रात्रभर ती ऊब झाडावर सोडायची. पेपिनोला फळ धरायला रात्री फार गार चालत नाहीत, साधारण १८ अंशांच्या आसपासच्या त्याला मानवतात. पण दिवसाचं तापमान तिशीच्या बरंच वर गेलं की पराग कमी पडतो. टोमॅटोवर याचा बारकाईने अभ्यास झाला आहे: फूल उमलण्याच्या आठ-दहा दिवस आधी कळीच्या आत पराग तयार होत असतो आणि त्या दिवसांतली उष्णता त्याला निकामी करते. म्हणजे आजचं फूल गेल्या आठवड्याच्या उन्हाचा हिशेब देत असतं. माझं सावलीचं कापड दुपारचं ऊन अडवत होतं, रात्रीच्या भिंतीचं काय करणार?

दुसरा फरक खिडकीचाच. तिचा झडप बाहेर उघडतो आणि बाई रोज सकाळी नऊच्या सुमारास ती उघडताना झडप झाडाच्या शेंड्यांना चांगला धक्का देतो. त्यांना त्याचा राग यायचा, दोन फांद्या मोडल्याही होत्या. पण पेपिनोच्या फुलाला हेच हवं असतं. त्याचे पिवळे परागकोश बाजूने उकलत नाहीत. टोकाला बारीक भोकं असतात आणि पराग तिथून बाहेर पडतो, मिठाच्या भोकाच्या बाटलीसारखा. हलवल्याशिवाय पडत नाही. निसर्गात हे काम भुंगे करतात: फुलाला धरून अंग थरथरवतात, तो घुंऽऽ आवाज त्याचाच. मधमाशीला ही युक्ती येत नाही. ब्रश फिरवून तर काहीच होत नाही, कारण ब्रश भोकात शिरत नाही.

तिसरा फरक भुकेचा. लहान कुंडी, कमी माती, खत जवळपास नाहीच. झाड बेताचं राहिलं होतं.

पर्याय कोणते होते

तीन फरकांपैकी कुठला खरा, हे ठरवल्याशिवाय हात लावायचा नाही, असं या वेळी ठरलं. बाईंनी काळा कागद काढला. सकाळी दहाला प्रत्येक झाडाच्या दोन-दोन ताज्या फुलांखाली कागद धरायचा आणि फुलाच्या देठाला विजेवर चालणारा दात घासायचा ब्रश टेकवायचा. खिडकीखालच्या फुलातून फिकट पिवळी पूड पडली, स्पष्ट दिसली. वाफ्यातल्या फुलातून थोडी. भिंतीजवळच्या फुलातून काहीच नाही. दुसऱ्या दिवशीही तेच.

दहा मिनिटांची ही चाचणी आम्ही ८५व्या दिवशी केली असती तर महिना वाचला असता. तिने अडचणीचे दोन वेगळे तुकडे केले. भिंतीजवळच्या झाडाला परागच नव्हता, तिथे हलवून उपयोग नव्हता. वाफ्यातल्या झाडाला पराग होता, पण फुलं पानांच्या गर्दीत अडकली होती आणि झाडाचं सगळं लक्ष पानांकडे होतं.

मग पर्याय चर्चेला आले. टोमॅटोवर मारतात तसं संप्रेरक फवारावं, असं एका शेजाऱ्यांचं मत होतं. त्याने फळ धरूही शकतं, पेपिनोच्या काही जातींत परागाशिवाय, बिनबियांची फळं धरतातच. पण मात्रा चुकली की पानं वेडीवाकडी होतात, आणि मूळ कारण झाकलं जातं. बाईंना हा दुसरा मुद्दा पटला. उकाडा ओसरण्याची वाट पाहणं हा दुसरा मार्ग. पण फळ धरल्यापासून पिकायला दोन महिने तरी लागतात, आणि उशिरा धरलेली फळं थंडीत सापडली की हिरवीच राहतात. तिसरा पर्याय वाफ्यातलं झाड उपटून टाकण्याचा. तो मी मांडला. बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

काय केलं

भिंतीजवळची कुंडी पूर्वेच्या ओसरीत हलवली. दुसरं काहीही बदललं नाही. पाणी, खत, सगळं होतं तसं. नवीन कळ्या नव्या जागेत तयार व्हायला वेळ लागणार हे धरून बाईंनी वहीत दहा दिवसांची रेघ मारली आणि त्या रेघेच्या आत उमललेली फुलं हिशेबात घेतली नाहीत. रेघेनंतर रोज सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान घोसाच्या देठाला दोन सेकंद ब्रश.

वाफ्यातल्या झाडाचं काम किचकट निघालं. लोळलेल्या फांद्या उचलायला गेलो तर त्या जागेवरून हलेनात. जमिनीला टेकलेल्या प्रत्येक गाठीला मुळं फुटली होती. म्हणजे एकच झाड पाच-सहा ठिकाणांहून दुप्पट शेणखत ओढत होतं! मी आधीच्या छाटणीत फक्त वरचे फुटवे काढले होते, खाली हे चाललंय याची कल्पनाच नव्हती. ती मुळं तोडली, तीन मुख्य फांद्या काठ्यांना बांधून उभ्या केल्या, बाकीच्या काढल्या. खाली वाळल्या पानांचं आच्छादन घातलं. पेपिनोची मुळं वरवर असतात, उघड्या मातीत ती लवकर सुकतात.

इथे आमचं एकदा वाजलं. वाफ्यातल्या झाडाच्या काही पानांवर फिकट-गडद हिरवे डाग होते. जुन्या पानांच्या मागे भिंगातून लाल कोळी (पानांचा रस शोषणारे सूक्ष्म जीव) आणि त्यांची बारीक जाळी दिसली. बाई म्हणाल्या, कोळ्यांमुळेच डाग आहेत. पण कोवळ्या शेंड्यांवर एकही कोळी नव्हता आणि डाग तिथेही होते, पानं जराशी आक्रसलेली होती. मला विषाणूची शंका आली. टोमॅटो आणि पेपिनो एकमेकांना रोग देतात. पेपिनो मोझॅक नावाचा विषाणू पेरूमध्ये १९७४ साली आधी पेपिनोवरच सापडला आणि १९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या हरितगृहांत टोमॅटोवर दिसला. तो हाताने, कात्रीने, पानाला पान घासूनही पसरतो. बाईंच्या झाडाला तोच होता असा दावा मी करत नाही, पान तपासायला पाठवलंच नव्हतं. पण अशा शंकेच्या झाडाची कलमं घेऊ नयेत आणि त्याची छाटणी सगळ्यात शेवटी करावी, एवढं मी आग्रहाने सांगितलं.

छाटणीत मुळं फुटलेल्या फांद्या आयत्याच मिळाल्या होत्या. बाईंनी त्यातली एक ठेवून घेतली. "एक ठेवते. शंका सिद्ध तर होऊ दे."

निकाल

ओसरीत हलवलेल्या कुंडीत, हलवल्यापासून १९व्या दिवशी पहिला देठ जाड झाला. पुढच्या तीन आठवड्यांत ११ फळं धरली. एका घोसात दोनच ठेवून बाकीची काढली, शेवटी सात राहिली. तिथल्या फुलांतून काळ्या कागदावर पूड पडायला लागली होती, त्यामुळे या वेळी श्रेय कुणाला द्यायचं हा प्रश्न नव्हता. निदान अर्धा तरी सुटला होता, कारण गारवा आणि ब्रश दोन्ही एकत्र होते. बाईंनी त्यावरही उपाय केला होता: दोन घोसांना लाल दोरा बांधून त्यांना ब्रश लावला नव्हता. त्या दोन घोसांत मिळून एक फळ धरलं, तेही लहान. उघड्या ओसरीत वारा असतो, तेवढं त्याने केलं असावं.

'जास्तीच्या' कुंडीतून एकूण नऊ फळं मिळाली. वाफ्यातल्या झाडावर चार धरली आणि एकच पिकलं. बाकीची गारठा आल्यावर हिरवीच राहिली. ते झाड हिरवं असताना मी उपटायला सांगत होते, त्याबद्दल बाई आजही एक फळ मोजून दाखवतात.

ठेवलेल्या कलमाचं काय झालं? सहा आठवड्यांनी नव्या पानांवर तेच डाग आले, कोळी एकही नसताना. बाईंनी स्वतःच ते उपटून कचऱ्याबरोबर बाहेर टाकलं, कंपोस्टात घातलं नाही.

तोडणीत पुन्हा नाव आडवं आलं. पहिलं फळ बाईंनी १४०व्या दिवशी तोडलं, हिरवट-पांढरं असताना. चव कच्च्या काकडीची, त्यात किंचित कडवटपणा. "एवढ्या खटाटोपाचं हे?" असा त्यांचा चेहरा झाला. मग त्या दुसऱ्या टोकाला गेल्या. खरबूज पिकलं की देठापासून आपोआप सुटतं, तसं होईपर्यंत थांबायचं. मी म्हटलं, आपण एक-एक करून पाहू. १६०व्या दिवशी एक तोडलं: साल मलईसारखी न राहता सोनेरी-पिवळी झालेली, जांभळे पट्टे ठळक, अंगठ्याने दाबलं तर जरासं दबणारं, वास गोड. ते उत्तम निघालं. रसाळ, सौम्य गोड, काकडीची आठवण करून देणारं पण काकडी नसलेलं. दुसरं तसंच ठेवलं. ते १७२व्या दिवशी स्वतःहून पडलं. आपटलेल्या बाजूला तपकिरी, आतला गर पिठूळ आणि बेचव. तोडल्यावर पेपिनो थोडं मऊ होतं, रंगही जरा पुढे सरकतो, पण गोडी वाढत नाही. त्यामुळे तोडणीची संधी ८-१० दिवसांचीच असते आणि ती रंगावरूनच ओळखावी लागते.

पिकण्याच्या काळात पाणी थोडं कमी केलेल्या कुंडीतली फळं जास्त गोड लागली, असं बाईंचं मत. मला फरक जाणवला नाही. वहीत दोन्ही मतं लिहिलेली आहेत.

पुन्हा करायचं झालं तर

तापमापक लागवडीच्या आधी टांगायचा, फुलगळ सुरू झाल्यावर नाही. दहा मिनिटांचा काळा कागद पहिल्याच घोसावर. वाफ्यात लावायचं तर ज्या जागी आधीच भरपूर खत पडलंय तिथे नाही, आणि फांदी जमिनीला टेकायच्या आत काठी. टोमॅटोपासून दूर, शक्य असेल तर मध्ये भिंत किंवा घर.

माझ्यासाठी मात्र खरा निर्णय ८८व्या दिवसाचा होता, जेव्हा मी चार बदल एका दुपारी केले. तिथे एकच बदल करून थांबले असते तर कुंडी हलवायची की कापड बांधायचं एवढाच प्रश्न राहिला असता. आणि तिसरी कुंडी कुठे आहे हे विचारायला दोन मिनिटं लागली असती. बाईंचं मत वेगळं आहे. त्यांच्या मते चूक मोजणीची होती: ज्या रोपावर 'जास्तीचं' लिहिलं ते कोष्टकात घ्यायलाच हवं होतं.

एका गोष्टीवर अजून एकमत नाही. यंदा पूर्वेच्या ओसरीत 'जास्तीच्या' झाडाची चार कलमं लावली आहेत. ते झाड निरोगी होतं, त्याबद्दल वाद नाही. पण बाईंनी एका पिकलेल्या फळातल्या थोड्या बियाही पेरल्या. मी नको म्हटलं होतं, बीची रोपं आईसारखी निघत नाहीत आणि फळ कसं येईल सांगता येत नाही. "म्हणूनच पेरल्या," असं उत्तर मिळालं. पाचांपैकी दोन उगवल्या आहेत. एकीची पानं साधी, लांबट आहेत. दुसरीच्या पानाला खाली दोन छोट्या पर्णिका फुटल्या आहेत, बटाट्यासारख्या. वहीत त्यांच्यासाठी दोन नवे रकाने आखले गेले आहेत.